जिवाणू पोहतात तरी कसे? काकवीतल्या पोहण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास

लघवीच्या कल्चर रिपोर्टवर 'ई. कोलाय' हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. हा जिवाणू मुळात आपल्या आतड्यात राहतो. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर मूत्राशयापर्यंत पोहोचतो. पण लघवी वरून खाली वाहते. मग हात नाहीत, पाय नाहीत, माशासारखे पर नाहीत, असा हा जीव प्रवाहाच्या उलट वर चढतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या वैद्यकशास्त्राला सापडले नाही. त्यासाठी एक कापड व्यापारी, एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक इंजिनिअर आणि काही भौतिकशास्त्रज्ञ अशी साखळी लागली. ती गोष्ट आज समजून घेऊ. ती कळली की दात का घासावे लागतात, हात का चोळावे लागतात, लघवी का तुंबवू नये, या रोजच्या सूचनांमागचे कारणही लक्षात येते.

मिरीच्या पाण्यातले जीव

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हॅन लेवेनहूक (१६३२–१७२३) नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासून बनवलेल्या छोट्या भिंगांतून तो दिसेल ती वस्तू न्याहाळत असे. मिरी तिखट का लागते, असा प्रश्न त्याला पडला. कारण शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि १६७६ मध्ये त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. तिखटपणाचे कारण सापडले नाही, पण पाण्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे सविस्तर पत्र लिहिले. सुरुवातीला तिथल्या विद्वानांना शंका होती. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूक यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा खात्री पटली.

१६८३ मध्ये लेवेनहूकने दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला. स्वतःच्या दातांवरचा पाहिला, आणि आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या दातांवरचाही. दोन्हीकडे जीव होते. काही सुसाट जात होते, काही भोवऱ्यासारखे फिरत होते.

हे ठिपके जिवंत आहेत हे त्याने कशावरून ठरवले? त्यांच्या हालचालीवरून. त्याच्यापाशी दुसरी कसोटीच नव्हती.

हलते ते सगळे जिवंत नसते

ही कसोटी अपुरी आहे हे कळायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली. १८२७ मध्ये स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन परागकणांतून निघालेले अतिसूक्ष्म कण पाण्यात पाहत होते. ते कण सतत थरथरत होते. ब्राउन यांनी मग दगडाची पूड, काचेची पूड, इजिप्तच्या स्फिंक्सचा बारीक तुकडासुद्धा पाण्यात घालून पाहिला. निर्जीव कणही तसेच थरथरले. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी धडका देत असल्यामुळे असे होते, हे पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गणिताने स्पष्ट झाले.

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आजही हा फरक रोज करतो. थेंबातला जिवाणू जागच्या जागी थरथरत असेल तर ती रेणूंची धक्काबुक्की. तो एका जागेहून दुसऱ्या जागी ठरावीक वाटेने गेला, तरच त्याला खरी गती आहे असे म्हणतात. कॉलऱ्याचा जिवाणू तर सूक्ष्मदर्शकाखाली बाणासारखा सुटतो. संशयित नमुना ओळखताना त्याची ही चाल उपयोगी पडते.

पण खरी गती येते कुठून, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यांचे पाणी आपल्या पाण्यासारखे नाही

एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. चालू असलेली गती चालूच राहू पाहते, याला जडत्व म्हणतात. पोहताना आपण याच जडत्वाचा फायदा घेतो. हात मारतो, पाणी मागे ढकलतो आणि हात थांबला तरी थोडे पुढे सरकत राहतो. दुसरीकडे पाण्याचा दाटपणा आपल्याला अडवत असतो.

जडत्व जोरावर आहे की दाटपणा, हे सांगणारा एक आकडा असतो. मँचेस्टरचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. पाणी सावकाश वाहत असताना धार दोरीसारखी सरळ राहिली. वेग वाढवल्यावर ती विस्कटली. त्यांच्या नावाने हा आकडा 'रेनॉल्ड्स नंबर' म्हणून ओळखला जातो. आकडा मोठा असेल तर जडत्वाचे राज्य, छोटा असेल तर दाटपणाचे.

पोहणाऱ्या माणसासाठी हा आकडा दहा हजारांच्याही वर जातो. ई. कोलाय जेमतेम २ मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे ५०० जिवाणू एकापुढे एक ठेवले तर १ मिलिमीटर होईल. त्याच्यासाठी हा आकडा ०.०००१ हूनही कमी आहे. पाणी तेच, पण त्याला ते आपल्या काकवीपेक्षाही दाट वाटते.

हे लोकांना नीट समजावले ते एडवर्ड पर्सेल यांनी. तुमच्यापैकी ज्यांनी एमआरआय काढला असेल, त्यांनी या माणसाच्या संशोधनाचा लाभ घेतला आहे. ज्या चुंबकीय गुणधर्मावर एमआरआय चालतो, त्याच्या शोधासाठी पर्सेल यांना फेलिक्स ब्लॉक यांच्यासोबत १९५२ चे नोबेल मिळाले. १९७६ मध्ये त्यांनी सूक्ष्मजीवांच्या पोहण्यावर एक व्याख्यान दिले. ते पुढच्या वर्षी छापले गेले आणि आजही आवडीने वाचले जाते.

त्यांनी श्रोत्यांना एक कल्पना करायला सांगितली. काकवीने भरलेल्या तलावात माणूस सोडा. शरीराचा कुठलाही भाग मिनिटाला १ सेंटिमीटरपेक्षा वेगाने हलवायचा नाही, अशी त्याला अट घाला. अशा अवस्थेत दोन-तीन आठवड्यांत तो काही मीटर पुढे सरकला, तर त्याला जिवाणूसारखे पोहता येते असे म्हणू.

त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. पोहणाऱ्या जिवाणूने शेपटी अचानक थांबवली, तर तो किती पुढे घसरत जाईल? उत्तर आहे हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीचा साधारण दहावा भाग. म्हणजे थांबला की थांबलाच. त्याच्या जगात मागच्या क्षणाची गती पुढच्या क्षणी उपयोगी पडत नाही.

शिंपल्याला तिथे पोहता येणार नाही

स्कॅलॉप नावाचा समुद्री शिंपला आपली दोन झाकणे सावकाश उघडतो आणि झटकन मिटतो. मिटताना पाण्याची पिचकारी उडते आणि तो पुढे जातो. आपल्या आकाराच्या जगात हे जमते. जिवाणूच्या जगात मात्र सावकाश आणि झटकन यांत फरकच उरत नाही. झाकणे उघडताना शिंपला जितका मागे जाईल, तितकाच मिटताना पुढे येईल. दिवसभर उघडमीट करूनही तो जागच्या जागी राहील. पर्सेल यांच्या या मुद्द्याला 'स्कॅलॉप थिअरम' असे नाव पडले.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५१ मध्येच सूक्ष्म जीवांच्या पोहण्याचे गणित मांडले होते. नंतर त्यांनी यावर एक सुंदर शैक्षणिक चित्रपटही केला. त्यातला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. दोन नळकांड्यांमधल्या दाट द्रवात रंगाचा ठिपका सोडला आहे. आतले नळकांडे काही फेरे फिरवले की रंग पसरून दिसेनासा होतो. तेवढेच फेरे उलटे फिरवले की तो ठिपका पुन्हा गोळा होऊन पहिल्या जागी येतो! दाट जगात उलटी हालचाल आधीची हालचाल पुसून टाकते.

म्हणून पुढे-मागे हलणारे ताठ वल्हे तिथे निरुपयोगी ठरते. पुढे जायचे तर अशी हालचाल हवी, जी उलट्या क्रमाने पाहिली तर वेगळी दिसेल. निसर्गाकडे यावर मुख्यतः दोन उपाय आहेत. एक म्हणजे लवचीक शेपटीतून लाट सोडणे. शुक्रजंतू हेच करतात. वीर्यतपासणीच्या रिपोर्टमध्ये 'मोटिलिटी' म्हणून मोजतात ती हीच गती. दुसरा उपाय म्हणजे स्क्रू फिरवणे. लाकडात स्क्रू शिरतो तो फिरवल्यामुळे, आणि एकाच दिशेने फिरवत राहिले की तो जातच राहतो.

जिवाणूची सूक्ष्म मोटर

जिवाणूंना केसासारख्या बारीक शेपट्या असतात हे १९व्या शतकातच ठाऊक होते. त्या चाबकासारख्या हलत असाव्यात, असा बहुतेकांचा समज होता. सजीवाच्या शरीरात अखंड गोल फिरणारा अवयव असेल, ही कल्पनाच विचित्र वाटत होती.

१९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी उपलब्ध पुरावे तपासून मांडले की या शेपट्या स्क्रूसारख्या गोल फिरतात. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी ते दाखवून दिले. त्यांनी जिवाणूची शेपटी प्रतिपिंडांच्या साहाय्याने काचेला चिकटवली. शेपटी अडकल्यावर काय झाले असेल? जिवाणूचे सगळे अंगच गरगर फिरू लागले. पंख्याची पाती घट्ट धरून ठेवली आणि छताला टांगलेली मोटर फिरू लागली, असे समजा.

ही मोटर जिवाणूच्या आवरणात रुतलेली असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे २० हजाराव्या भागाइतकी. हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, बाहेरून आत येतात आणि त्यांच्या ओघावर ती फिरते. धरणातून सुटलेल्या पाण्यावर टर्बाइन फिरते तशी. ई. कोलायची मोटर सेकंदाला साधारण १०० फेरे घेते.

अन्नाचा माग

या मोटरचा जिवाणूला उपयोग काय? चहात साखर टाकून न ढवळता ठेवली, तर ती आपोआप पसरायला फार वेळ लागतो. रेणूंना १ सेंटिमीटर पसरायला अर्धा दिवसही लागू शकतो. पण तेच रेणू १ मायक्रोमीटर अंतर सुमारे एक हजारांश सेकंदात कापतात. त्यामुळे जिवाणूच्या अगदी जवळचे अन्न तो हलला काय, न हलला काय, त्याच्यापर्यंत आपोआप येते. त्याला पोहायचे असते ते जास्त अन्न असलेली जागा गाठण्यासाठी. ती जागा बदलल्याचे जाणवायला किमान ३० मायक्रोमीटर तरी जावे लागते, असा पर्सेल यांचा हिशेब होता.

बर्ग यांनी एकाच जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बनवला. १९७२ मध्ये त्यांनी आणि डग्लस ब्राउन यांनी ई. कोलायची चाल प्रसिद्ध केली. तो साधारण एक सेकंद सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरती कोलांटी खातो आणि नव्या, कुठल्याही दिशेला निघतो. त्याचा वेग सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर असतो. म्हणजे एका धावेत तो जवळपास पर्सेल यांनी काढलेले अंतरच कापतो.

कोलांटीनंतरची दिशा त्याला निवडता येत नाही. मात्र अन्न वाढत असल्याचे जाणवले तर तो पुढची कोलांटी लांबवतो. चांगल्या वाटेवर थोडे जास्त चालायचे, एवढाच त्याचा नियम. हे कळायला आधीचे आणि आताचे यांची तुलना करावी लागते. या एकपेशीय जीवाला काही सेकंदांपुरती तशी आठवण असते.

आपल्या शरीरात हेच भौतिकशास्त्र

*मूत्रमार्ग.* आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर असतो, पुरुषांचा सुमारे २०. सेकंदाला २५ मायक्रोमीटर वेगाने जिवाणू अगदी सरळ गेला तर ४ सेंटिमीटर जायला त्याला अर्ध्या तासाच्या आतबाहेर लागेल. कोलांट्यांमुळे प्रत्यक्षात तो इतका सरळ जात नाही. वाहत्या लघवीच्या मध्यधारेविरुद्ध तर त्याचा टिकाव लागणेच शक्य नाही. पण भिंतीलगत गोष्ट वेगळी असते. कुठलाही प्रवाह अगदी भिंतीला टेकतो तिथे जवळजवळ थांबलेला असतो. घरातला पंखा वेगाने फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचतेच ना, त्याचे कारण हेच. ई. कोलाय आपल्या आकड्यांसारख्या तंतूंनी या भिंतीला चिकटतो, दोन लघवींच्या मधल्या वेळात वाढतो आणि वर सरकतो. लघवी बराच वेळ तुंबवली तर हा मधला वेळ आपणच त्याला वाढवून देतो.

*जठर.* १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरच्या बहुसंख्य रुग्णांत त्याचाच हात असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा जिवाणू पिळदार आहे, म्हणून तो जठराच्या बुळबुळीत थरात स्क्रूसारखा घुसत असेल असे वाटत होते. २००९ मधल्या संशोधनाने वेगळे चित्र दिले. घट्ट थरात शेपटी फिरली तरी तो अडकून पडतो. वाट काढण्यासाठी तो युरिएज नावाचे विकर वापरून अमोनिया तयार करतो. त्यामुळे आसपासचे आम्ल कमी होते, थर पातळ होतो आणि मग तो पोहत आत शिरतो. श्वासाच्या तपासणीत आपण त्याच विकराची खूण शोधतो.

*पुराचे पाणी.* लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू तर सगळाच पिळाचा असतो. त्याच्या शेपट्या बाहेर नसून आवरणाच्या आत गुंडाळलेल्या असतात. त्या फिरल्या की अख्खे अंग फिरते. जेलीसारख्या दाट द्रवात इतर अनेक जिवाणू मंदावतात, हा मात्र चांगला चालतो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली आहे. भातशेतीच्या दिवसांत कोकणातही त्याचे रुग्ण दिसतात.

*आपली बाजू.* शरीरही हेच नियम वापरते. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचे गालिचे असतात. प्रत्येक केस जाताना ताठ राहतो आणि परतताना वाकून येतो. जाण्यायेण्याची ही तऱ्हा वेगळी असल्यामुळेच कफ वर ढकलला जातो. हे केस जन्मतः नीट हलत नसतील तर वारंवार छातीचा संसर्ग होतो आणि काही पुरुषांत वंध्यत्वही आढळते, कारण शुक्रजंतूंच्या शेपटीची रचनाही तशीच असते. ब्योर्न अफझेलियस यांनी १९७६ मध्ये, म्हणजे पर्सेल यांच्या व्याख्यानाच्याच वर्षी, हा संबंध दाखवला. बाकी सर्वांचे हे केस ठीक असतात. बिडी-सिगारेटचा धूर ते निकामी करतो.

एक गैरसमज मात्र नको. पोहणारा जंतू तेवढा घातक असे नाही. क्षयाच्या जिवाणूला शेपटी नाही. आपला खोकला आणि हवा त्याला इकडून तिकडे नेतात.

मग आपण काय करायचे?

भिंतीला चिकटलेल्या जिवाणूला नुसते वाहते पाणी फारसे हलवू शकत नाही, हे एकदा समजले की पुढच्या गोष्टी लक्षात ठेवणे सोपे जाते.

- नुसती चूळ भरून दातांवरचा थर जात नाही. लेवेनहूकने पाहिलेला तो थर ब्रशने घासूनच काढावा लागतो. दिवसातून दोनदा घासा.
- हात नळाखाली धरून भागत नाही. साबण लावून बोटांच्या बेचक्यांत, नखांभोवती किमान २० सेकंद चोळा.
- लघवी तुंबवू नका, पाणी पुरेसे प्या. बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह नसते म्हणून अनेक महिला दिवसभर पाणीच टाळतात. ही अडचण खरी आहे, पण पाणी कमी पिण्याने त्रास वाढतो. मुली-महिलांनी शौचानंतर पुढून मागे धुवावे, म्हणजे आतड्यातले जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत.
- लघवीला जळजळ होत असताना थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- साचलेल्या पाण्यातून जावे लागले तर गमबूट वापरा, जखम झाकून ठेवा, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. पायाला जखम असेल तर लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्या. पुढच्या काही आठवड्यांत ताप आणि अंगदुखी, विशेषतः पोटऱ्यांमध्ये दुखणे, सुरू झाले तर पाण्यातून गेल्याचे आवर्जून सांगा.
- पायलोरीसाठी दिलेली औषधे दोन-चार दिवसांत बरे वाटले म्हणून बंद करू नका. कोर्स अपुरा राहिला तर तो जिवाणू जठराच्या थरात टिकून राहू शकतो आणि दुसऱ्या वेळी तीच औषधे कमी परिणाम करतात.

आज रात्री झोपण्यापूर्वी ब्रश हातात घ्याल, तेव्हा दोन मिनिटे पूर्ण द्या. दातांच्या फटींत आणि हिरड्यांच्या कडेला जास्त लक्ष द्या, कारण पाणी तिथपर्यंत पोहोचले तरी तिथला थर निघत नाही.